शेठच्या गाडीतली बिब्याची फुली

शेठ म्हणे, गाडी विकाची हाये, उद्या सकाळी पोट्टीले घेऊन ये, मागच्या सीटवर ठेवाची हाये. अन् म्हणे, तिले कपडे घालू नोको, जन्मली तवा होती तशीच पाह्यजे, म्हणजे व्हिडिओ चांगला येते.

पुसाचा महिना होता. बादलीत हात घातला तं बोटं सुन्न पडत. माही पोट्टी दोन महिन्याची व्हाची होती, मान धरत नव्हती अजून. अन् ज्या जागेवर तिले उघडी ठेवाची होती, त्या जागेवर बिब्याचं तेल होतं. बिबा म्हणजे जंगलातलं ते काळं फळ, त्याचं तेल अंगाले लागलं का कातडी उतते, फोड येतेत, पाणी सुटते. मोठ्या माणसाले सोसत नाई. शेठले हे मालूम नव्हतं असं कोणी म्हणू नोका. शेठचा धंदाच बिब्याचा.

मले नीट बोलता येत नाई. बोलाले लागली का दम लागते अन् पुढचं मागं होते, मागचं पुढं. पण हे सांगतलंच पाह्यजे, नाई तं लोक त्या व्हिडिओलेच खरं मानतीन.

मले सगळ्याचंच भेव लागते, हे पहिले सांगून ठेवते. माहं माहेर एटापल्लीकडे, सूरजागडाच्या रस्त्यावर. त्या रस्त्यानं लोखंडाच्या लाल मातीचे ट्रक जातेत, एकाच्या मागं एक, अन् आमी पोट्ट्या शाळेत जाताना ट्रक आला का नालीत उतरून डोळे मिटून उभ्या राहू. सातवीपर्यंत शिकली, मंग शाळा सुटली. ट्रकचं भेव नाई सुटलं. अजूनबी मोठ्या गाडीचा आवाज आला का डोळे मिटून घेते. अन् नवरा भेटला तो ड्रायवर.

त्याचं घर सावली तालुक्यात, धानाच्या गावात, पण नोकरी वरोऱ्याले, शेठकडे. शेठचं गोदाम हाये. मोहफुलं, हिरडा, बिबा, असा जंगलचा माल घेते, अन् हंगामात सोयाबीन. गोदामाच्या मागं टिनाचा शेड, शेडात ती गाडी, अन् शेडले लागून आमची एक खोली. लगन होऊन आली तवा पहिल्या दिवशी दार उघडलं तं समोर ते धूड. मी दार लावूनच घेतलं.

आताच्या गाड्यांसारखी नाई ती. अमेरिकेची. मोठ्या लढाईच्या आधीची, शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगे. नाक एवढं लांब का बाजूनं चालाले लागलं तं संपतच नाई. दोन बाजूले परातीएवढे दिवे. दाराच्या खाली पाय ठेवाले लांब पट्टी. मागचे दरवाजे उलटे उघडत, आलमारीसारखे. मागच्या काचेले छोटासा पडदा. रंग असा काळा का त्यात पाहून टिकली लावता ये, अन् मी लावलीबी हाये. आत गव्हाच्या रंगाचं मऊ कापड. अन् पुढच्या सीटच्या पाठीले, मागं बसणाऱ्याच्या समोर, एक चकचकीत दांडा. हा दांडा कायचा, मी नवऱ्याले विचारलं. तो म्हणे, शेठ सांगते, पहिले जमीनदाराच्या घरची होती, तं राणीसायेबाची शाल ठेवाले. पांघराची शाल. थंडी वाजली का घ्याची.

शेठले ती कुठी तरी गोठ्यात पडलेली भेटली होती, कोंबड्या अंडे देत तिच्यात. चंद्रपूरच्या मिस्त्रीनं इंजन खोललं, पत्रा ठोकला, रंग मारला, सगळं जिथल्या तिथी बसवलं. माहा नवरा तिच्या मागं-मागं. रोज पुसे. चिंधी वेगळी, तेल वेगळं. मी एकदा म्हणली, माह्या तोंडावरून कधी एवढा हात फिरवला का. तं हासला अन् म्हणे, तू कुठी आठ सिलेंडरची हायेस.

दिवाळी होऊन गेली होती. पहिल्या बाळंतपणाले माहेरी जाचं ठरलं होतं, पेटी भरून ठेवली होती, पण पोट्टीले घाई. दिवस भराच्या आधीच दुपारी कळा सुरू झाल्या. गोदामाची पिकअप माल घेऊन गेलेली. फोन लावला तं दवाखान्याची गाडी दुसऱ्या गावी गेलेली, येते म्हणे, पण वेळ लागन. मी उंबरठ्यावर चौकट धरून बसली अन् नवरा फोन हातात घेऊन अंगणात गोल-गोल फिरून राह्यला. मंग एकदम शेडकडे पळाला. मले समजलं. मी म्हणलं, ती नोको, शेठ मारन. तो म्हणे, मरू दे शेठले. लगन झाल्यापासून माह्यासाठी तो एवढंच एक कडक बोलला, अन् तेबी शेठ तिथी नव्हता म्हणून.

मी त्या गाडीत पहिल्यांदा बसली ते अशी. बसली कायची, आडवी झाली. आतून ती घरासारखी होती. आवाजबी ट्रकसारखा नाई, मांजर झोपल्यासारखा. दवाखाना रेल्वेच्या पलीकडे. फाटकाशी आलो अन् फाटक पडलं. कोळशाची मालगाडी. डब्बे जाऊन राह्यले, जाऊन राह्यले, संपतच नव्हते, अन् मी राणीसायेबाचा तो दांडा दोनी हातानं धरला अन् ओरडली. मालगाडीच्या आवाजात माहा आवाज मलेच ऐकू नाई आला.

बाजूले एक बाई शिंगाड्याचं टोपलं घेऊन उभी होती. तिनं काचेतून पाह्यलं, टोपलं रस्त्यावर ठेवलं, तो उलटा दरवाजा उघडला अन् म्हणे, "अवो माय, हे तं आलंच!" मंग मागं वळून फटफटीवाल्यायवर ओरडली, "तिकडे तोंड करा रे! काय पाहून राह्यले, तुमी काय झाडाले लागले होते का?"

अन् त्यायनं केलं तिकडे तोंड. फाटकावरचे सगळे माणसं, ओळखीचे ना पाळखीचे, गाडीकडे पाठ करून उभे राह्यले. एकानं आपला गमछा मागं हात करून त्या बाईले देला, न पाहता. त्याच गमछ्यात माही पोट्टी गुंडाळली. फाटक उघडलं तवा ती माह्या छातीवर होती अन् नवरा स्टेरिंगवर डोस्कं ठेवून रडून राह्यला होता, मागचे लोक हॉर्न मारून राह्यले, तरी याची गाडी निघेना. शिंगाडेवालीच म्हणे, "चाल नं बापा, रडणं मंग कर!"

तो गमछा, ते पाठमोरे माणसं, हे मले पुढंबी आठवलं म्हणून सांगून राह्यली.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून खोलीवर आली. पोट्टीले खाली ठेवलंबी नव्हतं, शेठ दारात. नवऱ्याले त्यानं सकाळीच माल घेऊन चंद्रपूरले पाठवलं होतं. सासू सावलीवरून याची होती, आली नव्हती. शेठ म्हणे, "मुलगी झाली नं? चांगलं झालं. सीट कोण धुवन?"

मी धुतली. काय करू मंग. माहं अंग कच्चं, चालताना मांड्या थरथरत, अन् मी बादली घेऊन त्या पायपट्टीवर बसून सीट धुतली. आत पोट्टी रडून राह्यली, माह्या पोलक्यातून दूध गळून राह्यलं. शेठ खुर्ची टाकून बसला होता. मले वाटलं म्हणन, जा बेटा, त्या लेकराले घे पहिले. तो म्हणे, "जोरानं घासू नोको, कापड फाटन. लय दुरून मागवलं हाये."

मी घासणं हळू केलं. तवा माह्या मनात रागबी नाई आला. भेवच होतं सगळं. राग मंग आला, जसा माय आली तसा. माय म्हणजे माही सासू, मीबी तिले मायच म्हणते. तिनं दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं, सीट कोणं धुतली, अन् मी सांगतलं. तिनं माह्या नवऱ्याले शेडात जाऊन धरलं. "अबे, गाय व्याली तं तिले आपण कोरड्यात बांधतो, गूळ-पेज देतो. अन् तू बाळंतीणीले धुणं लावलं?"

"मी कुठी होतो माय इथी? शेठनं लावलं."

"मंग जाऊन बोल शेठले."

नवरा चिंधी घेऊन दिवे पुसाले लागला.

पाचव्या दिवशी पाचवी. आमच्याकडे लेकरू जिथी जन्मलं तिथीच पाचवी पुजतेत. सटवाई येते अन् लेकराच्या कपाळावर त्याचं पुढचं सगळं लिहून जाते. वरवंटा मांडाचा, दिवा लावाचा, अन् बिबा सुईनं टोचून दिव्यावर धराचा. त्याचं काळं तेल सुईवर येते. त्या तेलाची फुली काढाची भितीवर, म्हणजे वाईट काई आत येत नाई. मी म्हणलं, खोलीत पुजू. माय म्हणे, "खोलीत कुठी जन्मली ती? सटवाई गाडीत जाईन अन् कोणी दिसलं नाई तं वापस जाईन. कपाळ कोरं राह्यलं मंग?"

हे आयकून शहरातले लोक हासतीन. हासू द्या. आमच्या घरची पहिली पोट्टी होती ती.

दिवा लागाच्या टायमाले मायनं खिळ्यावर लटकवलेली गाडीची चाबी काढली. गाडीवरचं झाकण बाजूले केलं, उलटा दरवाजा उघडला, पायपट्टीवर दिवा ठेवला, वरवंट्याले हळद-कुंकू लावलं. मंग अडली. भित नव्हती फुली काढाले. सगळीकडे काच नाई तं कापड. मले म्हणे, "नेमकं कुठी वो?" मी बोट दाखवलं. अन् तिनं सुई घेऊन सीटवर, बरोब्बर त्या जागी, फुली काढली. कापड नवं, मऊ. त्यानं तेल पेऊन घेतलं. फुली पसरली अन् पाहता पाहता तळहाताएवढी झाली. मी म्हणलं, "माय, शेठ!" माय म्हणे, "शेठच्या गाडीलेबी फायदाच हाये. लोक दहा रुपयाचं लिंबू-मिरची बांधतेत, मी तं फुकट बिबा लावला." मंग पोट्टीले पदरात धरून नमस्कार केला अन् झाकण टाकून देलं.

शेठले ते महिनाभर दिसलं नाई. गाडीवर झाकण होतं अन् नवऱ्यानं मायचं नाव सांगाची हिंमत केली नाई.

मंग नागपूरवरून शेठचा पुतण्या आला. त्याचं लगन झालेलं, घरी छोटी पोरगी, चांगला माणूस वाटे बोलाले. शेठले गाडी विकाची होती अन् पुतण्या मोबाईलवर व्हिडिओ टाकून गिऱ्हाईक आणणार होता. नवऱ्यानं हे आयकलं तं त्याचं जेवण गेलं. त्याले वाटे गाडी बनवली म्हणजे आता राहीनच. मी म्हणलं, शेठ बिबा घेते तो का खाले घेते? विकालेच नं.

पुतण्यानं गोदामातल्या बायायजवळून फाटकाची गोष्ट आयकली अन् नाचतच आला. "काका, हे सांगितलं का नाही तुम्ही? ह्या गाडीत बाळ जन्मलं! हीच तर स्टोरी आहे. लोक म्हणतील गाडी लकी आहे, शुभ आहे." अन् शेठचं तोंड पाहाले पाह्यजे होतं. ज्या सीटसाठी त्यानं मले तिसऱ्या दिवशी बादली धरवली, तीच सीट आता शुभ झाली. त्या दिवसापासून मी "ए"ची "बेटा" झाली.

दोघायनं झाकण काढलं, दरवाजा उघडला. मी खोलीच्या दारातून पाहून राह्यली, पोट्टी मांडीवर. शेठ वाकला. त्याचा हात डागाकडे गेला अन् मधातच थांबला. मले ते बरोबर दिसलं. त्यानं नाक जवळ नेलं, वास घेतला, अन् हात मागं घेऊन धोतराले पुसला, लागलं नव्हतं तरी.

मंग ओरडला. नवऱ्याले काय काय बोलला ते मी सांगत नाई. माय पुढं झाली, म्हणे, मी काढली फुली, मले बोल. शेठ म्हणे, "बाई, तुमी लोक जंगलातून बाहेर निंगाले पण जंगल तुमच्यातून नाई निंगालं." माय सावलीची, धानाच्या गावची, जंगलात कधी राह्यली नाई. ती म्हणे, "अन् तू काय समुद्रातून आला का बे शेठ?"

पुतण्यानंच भांडण थांबवलं. तो म्हणे, नवीन कापडाले वेळ लागेल, गिऱ्हाईक थांबत नाही, आपण बाळच त्या डागावर ठेवू. डाग झाकला जाते अन् स्टोरी पण होते. नुसती लंगोटी, नाहीतर तेही नको. जन्मली तशी.

अन् शेठ बोलला, "हव. चांगलं हाये."

तो निरोप घेऊन नवरा खोलीत आला अन् दाराच्या कडीकडे पाहत मले सांगाले लागला. मी म्हणलं, बिबा उतन तिले. तो म्हणे, शेठ म्हणते वाळला आता. मी म्हणलं, वाळला तरी उतते, गोदामातल्या बायायले विचारा, वाळलेलं पोतं उचलाच्या आधी खोबऱ्याचं तेल काऊन लावतेत हाताले? तो म्हणे, चादर टाकू का म्हणलं होतं मी, तं पुतण्या म्हणे चादर दिसाले नाई पाह्यजे. मी म्हणलं, अन् थंडी? त्यानं कडी लावली, काढली. मंग म्हणे, "खोली त्यायची हाये वो."

खरं हाये. खोली त्यायची, नोकरी त्यायची, पिकअप त्यायची, फाटकापर्यंत नेणारी गाडीबी त्यायची. मले सगळ्याचं भेव होतं. पण पोट्टीची पाठ मी पाह्यली आंघोळ घालताना, एवढीशी, तिच्यावर अजून ती बारीक लव होती. अन् मले फाटकावरचे ते माणसं आठवले. त्यायचं काय लागत होतं आमच्याशी? तरी त्यायनं तोंड फिरवलं. अन् ज्याच्या दारात आमी राह्यलो तो म्हणते, उघडी आण.

सकाळी ऊन पडलं तवा पुतण्यानं मोबाईल काठीले लावून उभा केला. गोदामातल्या बाया हातातलं काम टाकून शेडाशी येऊन बसल्या. शेठ पांढरे कपडे घालून आलेला. राणीसायेबाच्या दांड्यावर एक लाल शाल लटकवलेली, व्हिडिओसाठी. मी पोट्टीले दोन झबले, टोपरं, वरून दुपटं, असं गुंडाळून आणलं. माय माह्या मागं. नवरा चिंधी हातात घेऊन दिव्याजवळ.

पुतण्या म्हणे, "वहिनी, एकच मिनिट. कपडे काढा अन् इथं ठेवा फक्त. मग रडली तरी चालेल, उलट छान."

मी म्हणलं, "इथी बिबा हाये."

"अहो डाग आहे तो. डागानं काय होते?"

त्याले खरंच मालूम नसन. तो नागपूरचा. मी त्याच्याकडे नाई पाह्यलं. मी शेठकडे पाह्यलं. तोंडातल्या तोंडात म्हणली, "शेठ, तुमाले मालूम हाये."

शेठ म्हणे, "काय मालूम? वाळला तो. काई होत नाई. ठेव."

अन् माह्या तोंडातून निंगालं, मी ठरवलं नव्हतं, "मंग पहिले तुमी हात ठेवा, जी."

मंग बायायतली एक म्हातारी हासली. म्हणे, "हव नं शेठ, ठेवा. पाह्यजे तं खोबऱ्याचं तेल देऊ का?" दुसरी म्हणे, "हात नोको, गालच ठेवा, व्हिडिओत दिसन." सगळ्या फिदीफिदी. शेठचं तोंड लाल. पुतण्या मोबाईल बंद करू का चालू ठेवू अशा तोंडानं उभा. मी म्हणली, "एकच मिनिट. मंग मी ठेवते पोट्टीले."

शेठनं हात नाई ठेवला. पाठीमागं बांधून घेतले दोनी हात. म्हणे, "मी काऊन ठेवू? गाडी माही हाये."

"अन् पोट्टी माही हाये," असं मी म्हणली का नाई म्हणली, आता आठवत नाई. मनात तं म्हणलीच. माय सांगते का तू मोठ्यानं म्हणली.

माहा नवरा तवा दिव्याजवळून बोलला. एवढंच. "जी, थंडी बी हाये जी."

शेठनं त्याच्यावरच काढलं सगळं. खोली खाली करा म्हणे. आजच.

केली. भांडे होते तेवढे, पेटी तं भरलेलीच होती, माहेरी जाची. नवऱ्यानं चाबी खिळ्याले लावली, मंग वापस जाऊन गाडीच्या नाकावरची धूळ चिंधीनं पुसली, अन् चिंधी तिथीच ठेवली. मले राग आला, मी पेटी उचलून पुढं निंगाली. बसस्टँडवर मले म्हणे, "बोललो नं मी?" मी म्हणलं, "हव. थंडी हाये म्हणले." माय पदरात तोंड घालून हासाले लागली.

आता आमी सावलीकडे हावो, त्याच्या घरी. तो एकाचं ट्रॅक्टर चालवते, मळणीवर जाते, येते. पोट्टी मान धरते, पालथी पडते. सगळं झालं-गेलं म्हणून मी सोडून देलं असतं. पण परवा नणंद मोबाईल घेऊन आली. म्हणे, वहिनी, हे तुमच्या शेठची गाडी नोहे का?

तीच होती. तेच काळं नाक, तेच परातीएवढे दिवे. पुतण्याचा आवाज, गोड-गोड. अमेरिकेची शान, राजघराण्याची गाडी, आठ सिलेंडर, सगळं नव्यासारखं. मंग म्हणे, "आणि ह्या सीटवर एका गरीब मातेनं बाळाला जन्म दिला." उलटा दरवाजा उघडला, अन् आत, बरोब्बर फुलीच्या जागी, एक लेकरू झोपलेलं. लाल शालीत. तोंड तिकडे.

मले एकदम त्या लेकराचीच फिकर लागली. कोणाचं असन? गोदामात नवी बाई आली असन, बिचारी, तिले कोणी सांगतलं नसन. शाल पातळ, तेल शालीतूनबी लागते. मी नणंदेले म्हणलं, लाव फोन, तिथी नंबर दिसून राह्यला. ती म्हणे, तुमी बोलसान? मी म्हणलं, लाव.

पुतण्यानं उचलला. त्याले वाटलं गिऱ्हाईक. मी नमस्कार-चमत्कार काई नाई केला, एका दमात बोलली. त्या लेकराले उचला, पाठ पाहा त्याची, बिबा उतला असन, खोबऱ्याचं तेल लावा, दवाखान्यात न्या, त्याच्या मायले सांगा तरी!

तिकडून हासण्याचा आवाज. "अहो वहिनी, तुम्ही का! बाहुली आहे ती. माझ्या पोरीची. प्लास्टिकची. कोणाला समजत नाही बघा."

पोट्टी माह्या मांडीवर पाय झाडून राह्यली. मी म्हणली, "बाहुलीनं काम होत होतं, तं माही काऊन मांगत होते?"

खोटं नाई बोलला, हे सांगाले पाह्यजे. म्हणे, "तेव्हा सुचलं नाही हो."

सुचलं नाई. मी तेच घोकत बसली दिवसभर. जिवंत लेकरू ठेवाचं सुचलं, तिचे कपडे काढाचं सुचलं, आमची खोली खाली कराचं सुचलं, अन् बाहुली सुचली नाई. बाहुली त्याच्या घरीच होती.

संध्याकाळी माय वावरातून आली तवा तिले सगळं सांगतलं. तिनं हात-पाय धुतले, पोट्टीले घेतलं, तेलाची वाटी ओढली अन् पाठीले तेल लावाले लागली. पाठ चांगली, गुळगुळीत. तेल लावता लावता मले विचारलं, "अन् त्या बाहुलीच्या अंगावर काई होतं का वो?"

मी म्हणलं, "हव माय. शाल होती. राणीसायेबाची."